खिन्नता ही कसूर नव्हे

औसा तालुक्यातील एखाद्या खेड्यात, जेथे ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि उपासनामंदिर म्हणजे पत्र्याचे छप्पर घातलेली एक खोली, अशा ठिकाणी घरातली कर्ती बाई महिनोन् महिने अंथरूण सोडीनाशी झाली, चुलीपुढे बसेनाशी झाली, लेकराच्या हाकेला ओ देईनाशी झाली, आणि दवाखान्यातील तपासणीत तर काही एक निघाले नाही, म्हणजे त्या घराविरुद्ध एकाच वेळी दोन फिर्यादी गुदरल्या जातात. पहिली भाऊबंदांची व शेजारपाजाऱ्यांची. या घराने दोन पिढ्यांमागे खंडोबाचा कुळाचार टाकला, तुळजापूरची वारी बंद केली, त्याचे हे फळ, असे ती सांगते. दुसरी फिर्याद मंडळीतून येते, आणि ती अधिक मृदू स्वरात, डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून केलेली असते. विश्वास कोठे तरी उणा पडला आहे, एखादे पाप प्रभूपुढे कबूल करावयाचे राहून गेले आहे, घरात दुष्टात्म्याने पाय ठेवला आहे, असे तिचे म्हणणे. फिर्यादी दोन, परंतु आरोपी एकच. आणि ती बिचारी अशा अवस्थेत असते, की कोणी काहीही म्हटले तरी ते आपल्याला लागू आहे असेच तिला वाटते.

मी ख्रिस्ती आहे. मंडळीच्या प्रार्थनेत वाढलो आहे आणि प्रार्थनेवाचून माझा एक दिवस जात नाही. म्हणूनच हे लिहिणे मला भाग वाटते, की या दोन्ही फिर्यादी निराधार आहेत, आणि त्यांतली दुसरी अधिक घातक आहे. कारण ती आपल्याच माणसांकडून येते आणि देवाच्या नावाने येते.

पहिलीचा निकाल लावणे अवघड नाही. कुळाचार सोडल्यामुळे मन असे मोडून पडत असते, तर ज्यांनी तो कधी सोडला नाही त्यांच्या घरी हा आजार फिरकला नसता. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यांनी कर्ज, नापिकी आणि एकटेपणा यांच्या ओझ्याखाली स्वतःचा जीव संपविला, त्यांची देवघरे काही रिकामी नव्हती. औशात नाथसंस्थानाचे चक्रीभजन पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे, दर्ग्यांतून दुवा मागितली जाते, आमच्या खोलीत रविवारी स्तोत्रे गाइली जातात. आणि या सर्व ठिकाणी बसणाऱ्या माणसांत काही जण असे असतात, की भजन संपल्यावर घरी जाऊन ते भिंतीकडे तोंड करून पडतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत दर वीस माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा आजार गाठतो असे आढळले, आणि ज्यांना गाठले त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलाच नव्हता. वीसांतला तो एक कोणत्या देवाला हात जोडतो याची चौकशी आजार करीत नाही.

दुसऱ्या फिर्यादीसाठी अधिक थांबावे लागते, कारण तिच्यात आजाराचेच एक लक्षण पुरावा म्हणून दाखल केलेले असते. आमच्याकडे रोगी येतो तो 'मन लागंना', 'काहीच करू वाटंना', हातापायांची आग होते, डोके जड असते, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन. पंधरा दिवस उलटूनही हीच स्थिती राहिली, भूक मेली, पूर्वी ज्यात जीव रमे त्यातही मन रमेनासे झाले, तर वैद्य त्याला नैराश्य समजतात. परंतु या लक्षणांच्या मागे आणखी एक असते, जे रोगी सहसा बोलून दाखवीत नाही: आपण नालायक आहो, आपल्यामुळे सर्वांना त्रास आहे, आपल्या हातून काही तरी अक्षम्य घडले आहे, अशी पक्की धारणा. ताप आला म्हणजे अंग तापते, तशी या आजारात मनाला अपराधाची जाणीव चढते, आणि तिचा प्रत्यक्ष अपराधाशी संबंध असेलच असे नाही. धार्मिक माणसाच्या ठायी ही जाणीव साहजिकच धर्माची भाषा बोलते. ख्रिस्ती बाई म्हणते, 'देवानं मला टाकलं.' अशा वेळी तिच्यापुढे पापाविषयी प्रवचन करणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. कारण वक्त्याला वाटते आपण तिला पश्चात्तापाकडे नेत आहो, आणि तिला वाटते की आपल्या आजाराने जे सांगितले त्याला पाळकांनीही दुजोरा दिला.

दुःखाचे कारण डोळ्यांना दिसत असले म्हणजे आपला समाज किती निराळा वागतो, हे याच तालुक्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची मंडळी नुकती झोपी गेली असता, किल्लारीला आणि आसपासच्या गावांना भूकंपाने गाडून टाकले. हजारो माणसे गेली, गावेच्या गावे उठवून दुसरीकडे वसवावी लागली. त्यानंतर जी माणसे महिनोन् महिने बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली, त्यांना कोणी म्हटले नाही की तुमची श्रद्धा कमी पडली. लोक त्यांच्याजवळ बसले, त्यांच्या हातात भाकरी दिली, त्यांना रडू दिले. जे शहाणपण किल्लारीच्या मातीत आम्हांला सहज सुचले, ते ज्याच्या दुःखाला दाखविता येण्याजोगे कारण नाही अशा माणसाजवळ आल्यावर एकाएकी नाहीसे होते. कारण सापडत नाही, म्हणून आपण कसूर शोधू लागतो.

विनाकारण दाटून येणारी ही खिन्नता मराठी साहित्याला अपरिचित नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' हे नाव मिळालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे काही काळ नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी राहिले. ज्या लेखणीने श्रावण आणि निर्झर यांचे आनंदगान लिहिले, तिनेच 'औदासीन्य' ही कविताही लिहिली. शंभर वर्षांनंतर त्या कवीच्या मनाचे निदान करण्याचा अधिकार कोणाला नाही आणि मीही ते करीत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते टिळकांचे घर. स्वतः बाप्तिस्मा घेऊन आप्तेष्टांना आणि काही वर्षे पत्नीलाही दुरावलेले टिळक, आणि पाच वर्षांच्या वियोगाची होरपळ सोसून १९०० साली त्यांच्या मार्गाने आलेल्या लक्ष्मीबाई, यांनी त्या परधर्मी, हळव्या तरुणाला घरात घेतले ते घरचा मुलगा म्हणून. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त या ठोमऱ्यांविषयीची माया ओसंडून वाहते. मराठी ख्रिस्ती माणसाने खिन्न मनाशी कसे वागावे, याचा धडा आपल्या पूर्वजांच्या घरातूनच मिळण्याजोगा आहे.

परंतु मंडळी म्हणेल, आम्हांला पवित्र शास्त्रातील दाखला पाहिजे. तो तर याहून स्पष्ट आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्ट्याची जी हकीकत आहे ती आम्ही रविवारच्या शाळेत पाठ करतो, आणि मोठेपणी तिचा उत्तरार्ध विसरून जातो. कर्मेल पर्वतावर ज्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, ज्याच्या विश्वासाविषयी शंका घेण्याची कोणाची छाती होणार नाही, तोच हा पुरुष. ईजबेल राणीची धमकी ऐकून तो बैर-शेब्यापर्यंत पळतो, बरोबरच्या चाकराला तेथेच ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट तुडवून रानात शिरतो, आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागतो आणि झोपी जातो. माणसे टाळणे, रानात शिरणे, मरण मागणे आणि मग झोप: ज्यांनी हा आजार घरात पाहिला आहे त्यांना यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल.

आता देव काय करतो ते पाहावे. तो एलीयाला जाब विचारीत नाही, कर्मेलची आठवण करून देऊन लाजवीत नाही, उपास करावयास सांगत नाही. दूत येतो तो त्याला स्पर्श करतो आणि उठून खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. एलीया खातो आणि पुन्हा निजतो. दूत त्याला निजू देतो. मग दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा जेवू घालतो, आणि वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे हे स्वतःच कबूल करतो. यानंतर चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून तो होरेबला पोहोचतो. तेथे कोठे देव प्रथम त्याला प्रश्न विचारतो, आणि संभाषणाच्या शेवटी त्याच्या एकटेपणावर उपाय म्हणून अलीशा हा सोबती देतो. अन्न, पाणी, झोप, स्पर्श, मुदत आणि सोबत यांची तजवीज आधी झाली, विचारपूस नंतर. आमच्या मंडळ्यांतून हा क्रम नेमका उलटा झाला आहे. जी बाई दोन दिवस धड जेवलेली नाही तिच्यासाठी आम्ही तीन दिवसांची उपासप्रार्थना जाहीर करतो आणि तिलाही उपासाला बसवितो.

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. बहुतेक विलाप अखेरीस आशेकडे वळतात. परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी पवित्र शास्त्राची जुळणी केली त्यांनी ते गाळले नाही, त्याला सुखान्त शेपूट जोडले नाही. देवापुढे एवढे निराश बोलण्याची मुभा भक्ताला आहे, हे त्यांना मान्य होते. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूनेच आपला जीव मरणप्राय दुःखी झाल्याचे शिष्यांना सांगितले आणि त्यांच्याकडे मागितले ते एवढेच, की जवळ जागत बसा. शिष्य झोपी गेले, म्हणून दोष आला तो त्यांच्याकडे. दुःखी होण्याचा दोष कोणी प्रभूला दिलेला नाही.

असे असता आमच्या उपासनेत विलापाला जागा उरलेली नाही. जागा आहे ती साक्षीला. एखादा उठतो आणि प्रभूने मला अमुक दुखण्यातून मुक्त केले असे सांगतो, मंडळी स्तुती करते. या प्रथेने गांजलेल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या बळ दिले आहे आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण तिची दुसरी बाजू माझ्या पाहण्यातील एका भगिनीने मला दाखविली. लातूरच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या ती तुरीच्या डाळीच्या डब्यात पुरून ठेवी, म्हणजे घरी प्रार्थनेला आलेल्यांच्या दृष्टीस पडू नयेत. पाच-सहा आठवड्यांनी तिला उतार पडू लागला. त्याच सुमारास तिच्यासाठी उपासप्रार्थनाही झाली होती, आणि पुढच्या रविवारी तिला साक्षीला उभे करण्यात आले. ती उभी राहिली, बोलली, सर्वांचे डोळे भरून आले. घरी गेल्यावर तिने गोळ्या बंद केल्या. जावेने कारण विचारले तेव्हा म्हणाली, 'आता गोळी खाल्ली तर साक्ष खोटी पडंल की गं.' देवाशी खोटे बोलू नये म्हणून त्या प्रामाणिक बाईने स्वतःचा इलाज थांबविला, आणि महिनाभरात ती पूर्वीहून खोल गर्तेत गेली. उपचार पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. यात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. परंतु जेथे बरे झालेल्यांनाच उभे राहता येते तेथे आजाऱ्याला बरे झाल्याचे सोंग घ्यावे लागते, हे मंडळीच्या पंचांनी ध्यानात घेतले पाहिजे.

गोळ्यांविषयी दोन गोष्टी प्रत्येक पाळकाला ठाऊक असाव्यात. या औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत फरक पडला नाही तर औषध निकामी ठरत नाही. आणि बरे वाटू लागल्यावरही ती बहुधा निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात व थांबवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

सर्वच जण पुरते बरे होतात असेही नाही, आणि न होणे हा अविश्वास नव्हे. इंग्रज कवी विल्यम कूपर हा ख्रिस्ती गीतकारांत अग्रगण्य. १७७९ साली निघालेल्या 'ओल्नी' गीतसंग्रहातील त्याची गीते जगभरच्या मंडळ्या आजही गातात. या माणसाने अनेकदा मरणाला कवटाळण्याचा प्रयत्न केला, आणि देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे या समजुतीतच १८०० साली त्याचे देहावसान झाले. त्याचा स्नेही आणि पाळक जॉन न्यूटन याने १७७३ साली आजार बळावला तेव्हा त्याला आपल्या घरी आणून वर्षाहून अधिक काळ सांभाळले. कूपर बरा झाला अशी साक्ष न्यूटनला कधीच देता आली नाही. लंडनचा विख्यात उपदेशक चार्ल्स स्पर्जन यालाही १८५६ साली सभागृहातील चेंगराचेंगरीत सात माणसे दगावल्यापासून खिन्नतेचे झटके जन्मभर येत राहिले, आणि ही गोष्ट त्याने आपल्या विद्यार्थ्यांपासून लपविली नाही. प्रार्थना कमी पडल्यामुळे हा आजार होतो असे ज्यांचे मत असेल, त्यांनी या दोघांची प्रार्थना कोठे कमी पडली ते दाखवावे.

औषध घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे, हा विचार आमच्या परंपरेत कोठून शिरला याचे मला नवल वाटते. मिरजेला १८९४ साली डॉक्टर वॉन्लेस यांनी उभारलेले रुग्णालय ज्या मिशनचे, १९७० साली जामखेडला जाऊन निरक्षर बायांना आरोग्यसेविका बनविणारे डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे ज्या श्रद्धेचे, तिचेच आपण वारस आहो. हिवतापाच्या गोळीपुढे आपला विश्वास डळमळत नाही. मग मेंदूच्या आजारापुढेच तो का डळमळावा? १९५७ च्या सुमारास नैराश्यावरील पहिली औषधे हाती आली, त्यांपैकी एक मूळचे क्षयरोगावरचे होते; क्षयाच्या रोग्यांचे मन उल्हसित होऊ लागले म्हणून डॉक्टरांचे लक्ष तिकडे वेधले. ज्या ख्रिस्ती समाजाने क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधामे चालविली, त्याने या औषधाला परके मानावे हे मला पटत नाही.

आणि ज्यांना औषध मिळालेच नाही त्यांचीही आठवण ठेवावी. बंगालमधील श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली छापले आणि नवा करार १८११ साली प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या भाषेला शास्त्राची वाणी मिळाली. त्या परिश्रमांच्या पहिल्या वर्षांत त्याच घरात त्यांची पत्नी डॉरथी वेडाच्या भरात कोंडलेली होती. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा बंगालच्या रानात दगावला, आणि त्यानंतर तिचे मन जे बिघडले ते १८०७ साली मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. तिचा आजार नैराश्यापेक्षा निराळा होता आणि त्या काळी त्यावर इलाजही नव्हता. मराठी ख्रिस्ती घरात नवा करार उघडला जातो तेव्हा त्या ग्रंथाच्या जन्मघरीच मनाचा आजार राहत होता, हे मंडळीला सांगितले पाहिजे; म्हणजे आपल्या घरातील आजाराची लाज वाटण्याचे कारण उरणार नाही.

करावयाचे काय, हा प्रश्न यापुढे येतो, आणि सुदैवाने त्याचे उत्तर आपल्या आवाक्यातील आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग पाहावा. तेथे डॉक्टर नसलेल्या, परंतु काही आठवडे शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रोग्यांशी सहा-आठ बैठकींत बोलून त्यांच्याकडून लहानसहान कामे पुन्हा सुरू करवून घेतली: सकाळी दाराशी येऊन बसणे, शेजारणीकडे जाणे, झाडांना पाणी घालणे. नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेले रोगी ठळकपणे अधिक संख्येने सुधारले, हे २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. आमच्या प्रत्येक मंडळीत भगिनींचा संघ असतो, आणि आजाऱ्यांच्या घरी भेटी देण्याचा त्यांचा रिवाज फार जुना आहे. त्या भेटीत गीत व प्रार्थना असावीच. पण प्रार्थनेनंतर त्या बाईची वेणी घालावी, तिच्याबरोबर पिठाच्या गिरणीपर्यंत चालत जावे, आज गोळी घेतलीस का म्हणून उघडपणे विचारावे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. औशाहून एसटीने तेथे जाण्यास फार वेळ लागत नाही, अवघड असते ते एकटीने जाणे. मंडळीतील दोघींनी तिच्याबरोबर जावे, आणि शक्य तर पाळकांनीही. पाळक दवाखान्याच्या बाकावर बसलेले दिसले, तर गोळ्यांविषयीचे निम्मे भय तेथल्या तेथे जाईल.

मरणाचे विचार बोलून दाखविणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये, आणि तो नुसता बोलतो असे म्हणून उडवूनही लावू नये. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, त्यावर मोफत आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न धरता तीव्र तणावाखालील रोगी धरले आहे आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी शासनावर टाकली आहे. रोमन कॅथलिक मंडळीनेही आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारणारा जुना नियम १९८३ च्या आपल्या कायद्यातून वगळला. ज्या खेड्यांतील दफनभूमीत आजही अशा घरांना कुजबूज ऐकावी लागते, तेथील पंचांनी हे ध्यानी घ्यावे.

राहता राहिली साक्ष. ती बंद करा असे मी म्हणत नाही. तिचे दार रुंद करा असे म्हणतो. 'अजून झोप लागत नाही, गोळ्या चालू आहेत, माझ्यासाठी प्रार्थना करा,' एवढे बोलून एखादी खाली बसली, तर तीही साक्षच समजावी, आणि तिच्यावर कोणी हात ठेवून कारण शोधू नये. यासाठी वरिष्ठांच्या हुकुमाची किंवा पंचांच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या रविवारच्या वाचनाला अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घेण्याची मुभा प्रत्येक पाळकाला आजही आहे.